हौसेची ऐरण

एकच काम दोन माणसे करतात. एक पोटासाठी करतो, दुसरा हौसेसाठी. दोघांचे हात सारखेच हलतात, दोघांचा घाम सारखाच गळतो, आणि तयार झालेली वस्तू पाहून ती कोणत्या हेतूने घडली हे कोणालाही सांगता येत नाही. तरीसुद्धा ही दोन कामे एकच आहेत काय? आणि नसतील, तर दुसऱ्याच्या पोटाचे काम आपल्या विरंगुळ्यासाठी उचलण्याचा अधिकार आपणास कोठून प्राप्त होतो? वरकरणी हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु घरामागच्या अंगणात ऐरण मांडून लोहारकाम शिकू पाहणाऱ्या माणसाला तो फार काळ टाळता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्या नोकरदार वर्गात छंदांना मज्जाव नाही. कोणी तिकिटे जमवतो, कोणी संध्याकाळी पेटी घेऊन बसतो, कोणी सरकारी वसाहतीतील दोन वाफ्यांत गुलाब फुलवतो. त्यांना 'का' म्हणून कोणी विचारीत नाही. पण एखाद्या कारकुनाने रविवारी सकाळी कोळसे फुलवले आणि लाल लोखंडावर हातोडा घातला, की येणारेजाणारे थबकतात. आवाज आणि धूर यांविषयीच्या तक्रारी रास्तच असतात. परंतु त्यांच्या मागे आणखी एक शंका दडलेली असते. शिकल्यासवरल्या माणसाने हे कशाला करावे? या शंकेत दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक आहे हाताच्या कामाविषयीची आपली जुनी तुच्छता. तिला उत्तर देण्याचेही कारण नाही. दुसरी मात्र विचार करण्याजोगी आहे. जे काम एकाच्या गळ्यात जन्माने पडले, ते दुसऱ्याने गंमत म्हणून करावे काय?

निवाडा करण्यापूर्वी हे काम प्रत्यक्षात काय आहे ते पाहिले पाहिजे. प्रारंभास साहित्य फार लागत नाही. खरी ऐरण महाग असते. तिच्याऐवजी आगगाडीच्या रुळाचा तुकडा चालतो. आपल्या रेल्वेचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचे असतात. तेव्हा हातभर तुकडाही लाकडाच्या ओंडक्यावर घट्ट बसवला की घाव सोसतो. मात्र तो भंगारवाल्याकडून पावती घेऊनच विकत घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविषयी १९६६ सालचा स्वतंत्र कायदा आहे, हे सरकारी नोकराने विसरून चालणार नाही. किलोभर वजनाचा हातोडा, एक सांडस, एक छिन्नी, एक कानस, लोणारी कोळसा, वारा घालण्यास भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली, एवढ्यावर काम सुरू होते. भट्टी उघड्यावरच असावी. बंद खोलीत कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो माणसाला उठण्याची संधी देत नाही. जस्त चढवलेला पत्रा किंवा नळ आगीत घालू नये, कारण त्या धुराने ताप भरतो. डोळ्यांवर चष्मा आणि अंगावर सुती कपडे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की लाल लोखंडापेक्षा काळ्या लोखंडाचे भय अधिक बाळगावे. चारशे अंशांवरचे लोखंड दिवसाउजेडी थंड लोखंडासारखेच काळे दिसते.

पहिल्या महिन्यात भिंतीला ठोकण्याचा एखादा आकडा जमला तरी पुष्कळ झाले. गज तापवायचा, त्याचे टोक निमुळते करायचे, वळवायचे. ऐकायला हे सोपे आहे. पण लोखंड बाहेर काढल्यापासून त्याचा केशरी रंग उतरेपर्यंत बारीक गजाच्या बाबतीत दहा-वीस सेकंदच हाती असतात. तेवढ्यात कोठे मारायचे, किती जोराने, कोणत्या अंगाने, हे आधीच ठरलेले असावे लागते. रंग काळवंडल्यावर मारलेले घाव लोखंडाला घडवीत नाहीत. त्याला तडे पाडतात. उलट लोखंड आगीत अधिक वेळ राहिले, तर पांढऱ्या रंगापलीकडे जाऊन त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागतात. ते जळलेले लोखंड. ते फेकून देण्यावाचून गत्यंतर नसते. उशीर आणि उतावळेपणा या दोन्ही दोषांना इतक्या तत्काळ शिक्षा देणारा दुसरा गुरू मला ठाऊक नाही.

त्याहूनही नाजूक प्रकार म्हणजे पाणी देणे. साधे लोखंड कितीही तापवून बुडवले तरी धार धरीत नाही. त्यासाठी पोलाद लागते. मालमोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा या कामी येतो. तो तापवत नेला म्हणजे सुमारे ७७० अंशांवर लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो. त्याच्या किंचित पुढे गेल्यावर तो तेलात बुडवायचा. आता तो कठीण होतो खरा, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून तो घासून उजळ करून पुन्हा हलकेच तापवायचा. उजळ पृष्ठावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग चढत जातात. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंश, निळा म्हणजे सुमारे तीनशे. सुरीला एका रंगावर थांबावे लागते, तर छिन्नीला दुसऱ्या. काठिण्य आणि लवचीकपणा एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत. कोणत्या वस्तूस कशाचा किती त्याग परवडेल, हे ठरवणे हेच लोहाराचे शास्त्र. अशा शास्त्राला आपण 'अडाण्यांचा धंदा' म्हणत आलो!

आमच्या कचेरीतील कामाशी याची तुलना मनात येणे अपरिहार्य आहे. आमच्या कामात एका कागदावर दहा हात फिरतात. एकाचे टिपण, दुसऱ्याचा शेरा, तिसऱ्याची सही. निर्णय झाला तर तो कोणाचा हे सांगता येत नाही, आणि न झाला तर तेही सांगता येत नाही. ऐरणीवर प्रत्येक घावाची खूण राहते आणि ती कोणाची याविषयी वाद संभवत नाही. लोखंड खुलासा मागत नाही आणि दिलेला स्वीकारीतही नाही. ज्याचा दिवस खुलासे लिहिण्यात जातो त्याला यात केवढे समाधान वाटते, हे माझ्या वाचकांना निराळे सांगावयास नको. तथापि एवढ्यावरून लोहारकाम खरे आणि कारकुनी खोटी, असा निष्कर्ष काढणे हा आळशीपणा होईल. कागदावर दहा हात फिरतात ते एका हाताच्या लहरीवर दुबळ्याचे भवितव्य सोपवू नये म्हणून. विधवेचे निवृत्तिवेतन मंजूर करणारा कागद घडवणाऱ्याचे नाव सांगत नाही, हे त्या कागदाचे भूषणच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हौशी माणसाच्या ऐरणीवर वर वर्णिलेले सर्व काही असते. फक्त एक गोष्ट नसते. त्याचा खांदा दुखला की तो आग विझवू शकतो. ज्याचा हा धंदा आहे त्याला ती मुभा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात आपल्या खेड्यांतील बलुतेदारीचे जे दर्शन घडते, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. लोहार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार. फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाडी वर्षभर त्याने दुरुस्त करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा मागायचा. त्याच्यावाचून नांगर चालत नव्हता. पण वाटा मागण्यासाठी उभे मात्र त्यालाच राहावे लागे. आणि त्याच्या पोरास दुसरे काही व्हावेसे वाटले, तर त्याला विचारणार कोण?

येथे कोणी स्वधर्माचे वचन पुढे करील. गीतेने परधर्म भयावह ठरवला आहे. तेव्हा लोहाराने लोहारकी करावी आणि कारकुनाने लेखणी चालवावी, हेच उचित नव्हे काय? स्वधर्माचा असा अर्थ लावणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच निरुत्तर केले आहे. जातीने कामांची वाटणी केली एवढेच असते तर ते सोसता आले असते. तिने काम करणारी माणसेच वाटून टाकली आणि त्या वाटणीत माणसाची आवड, त्याचा कल, त्याची कुवत यांना कोठेही स्थान ठेवले नाही. हे एकदा मान्य केले की कारकुनाने ऐरणीवर जाण्यात अधर्म उरत नाही. किंबहुना जन्माने आखलेली रेषा ओलांडणे हे एक चांगलेच कृत्य ठरते. मात्र ही रेषा एकाच बाजूने ओलांडता येत असेल, तर तिला मोडलेली रेषा म्हणता येणार नाही. मला वाटेल तेव्हा मी ऐरणीवर जावे आणि ऐरणीवरच्या माणसाला मात्र माझ्या मेजाशी येता येऊ नये, ही समता नव्हे. याला फार तर सहल म्हणता येईल.

गुणाची पूजा आणि गुणी माणसाचा विसर या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच वेळी कशा नांदतात, याची साक्ष दिल्लीस मेहरौलीला उभी आहे. सात मीटरांहून किंचित उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा तो लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर आहे, तरी गंजून गेलेला नाही. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने त्याच्या पृष्ठभागावर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो, असे धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. एवढा स्तंभ लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून, सांधून घडवलेला आहे. त्यावरील लेखात चंद्र नावाच्या राजाचा पराक्रम वर्णिला आहे. घडवणाऱ्याचे नाव नाही. कारकुनाच्या कागदावर नाव नसणे हे भूषण असेल. येथे मात्र ते भूषण नव्हे. कारण त्या स्तंभावर एक नाव कोरण्यास जागा होती, आणि ती कोणास द्यावी याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता.

परंतु मला हा प्रश्न पुरातत्त्वाने शिकवला नाही. जयपुरास बदलून आल्यावर मला गाडिया लोहार दिसले. चितोड १५६८ साली पडले, तेव्हा ते परत मिळेपर्यंत घर बांधून राहायचे नाही, खाटेवर निजायचे नाही, अशी शपथ घेऊन बाहेर पडलेल्या लोहारांचे आपण वंशज, असे त्यांची परंपरा सांगते. १९५५ च्या एप्रिलात पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात नेले आणि शपथ फिटल्याचे जाहीर झाले. शपथ फिटली, रस्ता सुटला नाही. राजस्थानातील व भोवतालच्या प्रांतांतील शहरांतून त्यांची कुटुंबे आजही रस्त्याच्या कडेला भट्ट्या लावून बसलेली दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि पुष्कळदा घण स्त्री चालवते. आपल्याकडे 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटातील ऐरणीवरचे गाणे अजून घरोघर गुणगुणले जाते. पण गाण्यातला घण हलका असतो, हे तो खांद्यावरून खाली येताना पाहिल्यावर कळते.

अशाच एका कुटुंबाकडे, रविवारी येऊन बसू द्याल का, काम शिकवाल का, वेळेचे पैसे देईन, असे मी विचारले. घण टेकवून ती बाई हसली. तिने प्रथम माझा पगार विचारला. मी सांगितला. "बाबूजी," ती म्हणाली, "मग तुम्हाला हे कशाला हवे? शिकवीन मी. पण माझ्या पोराला तुमच्या कचेरीत शिपायाची तरी जागा मिळते का ते बघा." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. बाजारात भाजीचा भाव सांगावा तसा तिने आपल्या विद्येचा भाव सांगितला होता, आणि तो देणे माझ्या हाती नव्हते. मुलाचे शिक्षण सहावीपर्यंत झाले होते. पुढे का शिकला नाही, म्हणून विचारले तर कळले की दाखला हवा होता, दाखल्यास राहण्याचा पुरावा हवा होता, आणि राहणे तर गाडीत.

आपल्यापैकी प्रत्येकाने अर्जातील 'कायमचा पत्ता' हा रकाना भरला आहे. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणारे आपण त्या जागी कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या एखाद्या गावाचे नाव लिहितो, जेथे आपले कोणी राहतही नसते. शिक्का मारणारा हात आपल्या त्या पत्त्याविषयी कधी शंका घेत नाही. फिरतीवर ते आहेत, तसे आपणही आहोत. फरक इतकाच की आपल्या फिरतीला भत्ता मिळतो आणि आपला पत्ता खरा मानला जातो.

तेव्हा हौशी माणसाचे कर्तव्य काय? मला ते तीन प्रकारचे दिसते. पहिले असे की छंदाने धंद्याच्या पोटावर पाय देऊ नये. केंद्रीय नागरी सेवकांच्या वर्तणुकीविषयीचे १९६४ चे नियम पूर्वपरवानगीवाचून व्यापारधंदा करण्यास आपणास मनाई करतात. प्रासंगिक स्वरूपाचे वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय काम करण्यास मात्र मुभा देतात. म्हणजे माझा आकडा मी विकला तर तो व्यापार, भिंतीला ठोकला तर कला. परंतु नियम जेथे थांबतो तेथे नीती थांबत नाही. माझी खुरपी मी वसाहतीत फुकट वाटली, तर नियमभंग होणार नाही. रस्त्यावरच्या भट्टीचे गिऱ्हाईक मात्र तेवढे तुटेल. फुकटच्या मालाशी स्पर्धा करण्याचे बळ गरिबाच्या अंगी नसते. यास्तव लागणारे खुरपे विकतच आणावे आणि घरी घडेल ते घरीच ठेवावे.

दुसरे कर्तव्य किमतीसंबंधी आहे. आपण गालिच्याच्या दुकानात मुकाट्याने लिहिलेली किंमत देतो आणि खुरप्याच्या दहा रुपयांसाठी भर उन्हात घासाघीस करतो. एकदा स्वतःच्या हाताने पाटा तापवून, ठोकून, पाणी देऊन, शेवटी वाकडे का होईना पण पाते काढले, की ही घासाघीस करण्यास जीभ धजत नाही. या छंदापासून होणारा सर्वांत खात्रीचा लाभ कोणता, असे विचारल्यास मी हाच सांगेन. हात बिघडतात, पाठ दुखते, वस्तू फारशा चांगल्या होत नाहीत. पण दुसऱ्याच्या श्रमाचे मोल अंगात भिनते. वाचनाने ते डोक्यात भरते, अंगात भिनत नाही.

तिसरे कर्तव्य सर्वांत अवघड, आणि ते ऐरणीवर पार पडत नाही. विद्या घेतली की गुरुदक्षिणा द्यावी लागते. आणि गुरू जी मागेल ती दक्षिणा खरी, आपल्याला सोईस्कर वाटेल ती नव्हे. त्या बाईला माझ्या प्रशंसेची गरज नव्हती. तिच्या कलेवर मी लेख लिहावा असेही तिला वाटत नव्हते. तिला एक कागद हवा होता. अर्ज कसा लिहावा, कोणते जोडपत्र लावावे, नकार आला तर तो लेखी कसा मागावा, अपील कोणाकडे करावे, हे सर्व तिला दुर्बोध होते आणि मला मात्र हातोडा धरण्यापेक्षा किती तरी सोपे. जी कारकुनी विसरण्यासाठी मी ऐरणीकडे वळलो, तीच येथे उपयोगाची ठरली. रविवारच्या दोन तासांपैकी एक लोखंडाचा आणि एक कागदाचा, असा आमचा करार झाला आहे. तिचा अर्ज तीन मेजांवरून फिरून आला आहे आणि चौथ्यावर आहे. माझ्या आकड्याचे टोक अजून सरळ येत नाही. दोन्ही कामांत कोण अधिक मंद, याविषयी ती निःशंक आहे.

काही वाचक म्हणतील, हे सर्व इतके गंभीरपणे घेण्याचे कारण काय? छंद तो छंद. त्याला ऋणाचे ओझे कशाला? त्यांना मी एवढेच म्हणेन की ऋण नसलेले छंद पुष्कळ आहेत आणि ते सुखेनैव करावेत. तिकिटे जमवणाऱ्यावर टपालवाल्याचे ऋण फारसे चढत नाही. परंतु जे काम आजही कोणाची भाकरी आहे, त्यात पाय ठेवताना आपण दुसऱ्याच्या घरात शिरत आहोत याचे भान असावे. मग त्या घराला छप्पर नसले तरी. पाहुण्याने यावे, बसावे, शिकावे, आनंद मानावा. निघताना मात्र घरधन्यास काय हवे ते विचारावे, आणि ते आपल्या कुवतीत असेल तर करावे.

आपण परप्रांतात राहणारे लोक आहोत. येथील भाषा, येथील अन्न, येथील ऊन आपण घेतो आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधतो. या मुक्कामात आपण काय शिकलो हे आपण एकमेकांस आवडीने सांगतो. काय देऊन निघालो याचा हिशेब मात्र क्वचित मांडतो. लोहारकाम सर्वांनी करावे असा माझा मुळीच आग्रह नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर ते करूच नये. परंतु जेथे आहोत तेथल्या एखाद्या हाताच्या विद्येपुढे काही दिवस नवशिका होऊन बसावे, आणि आपल्या मेजावरची विद्या त्या हातांच्या कामी लावावी. आपल्या लेखणीत पोलाद किती आणि साधे लोखंड किती, ते तेव्हाच कळेल.